ज्वारीतल्या शाळेची चौकशी

निवृत्त झाले तरी मला अजून फोन येतात. कधी आदिलाबादचा एखादा दुकानदार असतो, कधी शहरातली नोकरी घरी बसून करणारी, गावी परतलेली एखादी आई. आडून आडून बोलणं होतं आणि शेवटी सगळे एकाच प्रश्नावर येतात, "म्याडम, लेकराले घरीच शिकवलं तं पोलीस येतात का?"

मी सांगते, पोलीस येत नाहीत.

"मंग कोण येते?"

"मी यायचे."

लोकांना ती थट्टा वाटते. पण खरंच मीच जायचे. तेलंगणातल्या मराठी माध्यमाच्या सरकारी शाळांतून शिकवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली आणि शेवटची काही वर्षं मंडल, म्हणजे इकडच्या तालुक्याच्या, शिक्षण कार्यालयात. तिथलं माझं काम म्हणजे शाळेबाहेर राहिलेली मुलं शोधायची, आई-बापांशी बोलायचं आणि त्यांना शाळेच्या दारात आणून सोडायचं. मेंढरांमागे गेलेली, धाकट्या भावंडाला सांभाळायला घरी थांबलेली, कापूस वेचणीत अडकलेली मुलं मी धुंडाळली. एका बापाने तर आम्हाला येताना पाहून पोराला कापसाच्या ढिगात दडवलं होतं. आम्ही ओसरीवर चहा घेत होतो, तो सांगत होता की मुलगा मामाकडे गेलाय, आणि ढिगाला शिंक आली. बापाने इतक्या शांतपणे "मामा जवळच राह्यते" म्हटलं की मला त्याचं कौतुक वाटलं.

म्हणजे मुलं लपवलेली मला ठाऊक होती. रेवतीला मात्र कुणी लपवलं नव्हतं. ती साऱ्या शिवाराला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने अभ्यास करत होती.

कार्यालयात कुणीतरी फोन केला होता, की तलमडुगु मंडलातल्या एका गावात आई-बापांनी पोरीला शाळेतून काढलंय आणि शेतात राबवून राह्यले. आमचे मंडल शिक्षणाधिकारी तेलुगू होते, आम्ही त्यांना इकडच्या रीतीने सर नाही, सार म्हणायचो. ते म्हणाले, जाऊन बघून या.

बसने फाट्यावर उतरले तेव्हा धुकं होतं. आमच्याकडे हिवाळ्यात सागाच्या टेकड्यांवरून धुकं असं उतरतं की गाव, रस्ता, बैलगाडी सगळं विरघळून जातं आणि माणूस आपल्याच पावलांच्या आवाजामागून चालत राहतो. गावाबाहेरच्या शेतापाशी पोचले आणि त्या पांढऱ्यातून एका मुलीचा आवाज आला.

"झाडाच्या पानात हरितद्रव्य अस्ते! सूर्याचा परकाश पडला की पान आपलं अन्न तयार कर्ते!"

पाठोपाठ पाखरांचा एक थवा फडफडत वर उठला. मी थांबले. आवाज पुन्हा आला, "मुळं जमिनीतून पाणी घेतात!" आणि दुसरीकडून आणखी पाखरं उडाली. पहाटे लवकर उठल्यामुळे डोळ्यांवर झोप होतीच. क्षणभर वाटलं, मी बसमध्येच आहे आणि हे सगळं मला डुलकीत दिसतंय.

मग धुकं थोडं हललं. पुरुषभर वाढलेल्या ज्वारीच्या मधोमध चार बल्ल्यांवर बांधलेलं मचाण होतं. कणसांत दाणा भरला की पाखरांपासून राखण करायला असं मचाण बांधतात. वर आठ-नऊ वर्षांची मुलगी बसली होती, मांडीवर विज्ञानाचं पुस्तक. राखणदार "हॉ हॉ" करून ओरडतात, ही धडा ओरडत होती.

तिने मला पाहिलं आणि तोंड मिटलं. मी नाव विचारलं, वर्ग विचारला, थंडी वाजते का विचारलं. ती माझ्याकडे बघत राहिली. एकेक पाखरू कणसांवर परत येऊन बसलं.

शेजारच्या कपाशीतून तिची आई आली. कमरेला वेचणीची ओटी बांधलेली, ओटीत कापूस. वैशाली तिचं नाव.

"तुमी हापिसातून आल्या ना जी? मले मालूम होतं, कोणी ना कोणी येईनच. बसा. चहा मांडते."

बांधावर बसून तिने मला सगळं सांगितलं. रेवतीला त्यांनी हौसेने शहरातल्या इंग्रजी शाळेत घातलं होतं. सकाळी गाडी यायची. घरी मराठी, वर्गात इंग्रजी आणि तेलुगू, मैदानात हिंदी. मराठीत बोललं की बाकावर उभं करत. पोरगी आधी शाळेत बोलेनाशी झाली, मग गाडीत, मग घरात. अख्खा पावसाळा तिने एक शब्द उच्चारला नाही. बापाने, दिगांबरने, तिला डॉक्टरांकडे नेलं. कान बरे होते, घसा बरा होता. डॉक्टर म्हणाले, जिथे भीती वाटत नाही तिथे राहू द्या.

"मंग मी तिले घरीच ठेवली," वैशाली म्हणाली. "बापासंगं मचाणावर बसे. एक दिवस ह्याह्यचा घसा बसला, ओरडता येईना. पाखरं कणसं खाऊन राह्यले अन् हे नुसते हात हालवून राह्यले. तं पोरगी उठली अन् वरडली. हॉ! म्हणे. मी तिकडं कपाशीत होती. मले वाटलं कोन्या दुसऱ्याचीच पोरगी हाय."

ती ओटीतला कापूस उगीच चाचपत राहिली.

"म्हटलं, वरडाचंच हाय तं पुस्तकातलं वरड. तवापासून असं चालू हाय."

माझ्या आईने आयुष्यभर दुसऱ्यांच्या शेतात निंदण केलं. शाळा तिने बाहेरूनच पाहिली, तीही रस्त्याच्या पलीकडून. मला तिने हाताला धरून त्या दारातून आत ढकललं, म्हणून मी आज हे लिहिते आहे. शाळेच्या दारापासून पोरीला माघारी आणणारी आई मला कळणं अवघड होतं. आणि तरी ते ओरडलेलं हरितद्रव्य माझ्या कानांतून जाईना.

वैशालीने थेट विचारलं, "म्याडम, मी गुन्हा करून राह्यली का?"

वाचकांना हेच हवं असतं, म्हणून तिला जे सांगितलं तेच इथे लिहिते. शिक्षण हक्काचा कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी आहे. त्यांना फुकट शिक्षण देणं सरकारला बंधनकारक आहे. मुलाला शाळेत घालणं हे आई-बापांचं कर्तव्य आहे, असंही त्यात लिहिलंय. पण घातलं नाही तर आई-बापांना अमुक शिक्षा, असं त्या कायद्यात कुठे नाही. घरी शिकवायची परवानगी देणारं कलम नाही, नको म्हणणारंही नाही. फार मोठं अपंगत्व असलेल्या मुलांना घरी शिकायचा हक्क आहे, रेवती त्यात बसत नव्हती. घरच्या शिक्षणाचा दाखला कुणी देत नाही. चौदा पूर्ण झाली की ओपन स्कूलमधून दहावीला बसता येतं. आणि त्याआधी कधीही मन बदललं, तर सरकारी शाळेला तिला वयाप्रमाणे वर्गात घ्यावंच लागतं, जुना दाखला नसला तरी.

"म्हंजे मधातच हावो आमी," वैशाली म्हणाली. "ना इकडं, ना तिकडं."

"बांधावर," मी म्हटलं.

ती हसली. त्या दिवशी पहिल्यांदाच.

गावात मराठी माध्यमाची सरकारी शाळा होती. तिथल्या हेडमास्तरांनी एक सोपा मार्ग काढला. पोरीचं नाव पटावर टाकू, हजेरी लागत राहील, यायची गरज नाही, तुमची चौकशीही मिटेल. असं चालतं हे मला माहीत होतं. मी काही म्हणायच्या आत वैशालीच बोलली, "नाई जी. तिचं नाव खोटं काऊन लिवाचं? जवा जाईन तवा खरं लिवा." हेडमास्तर माझ्याकडे बघू लागले. मी चष्मा पुसत बसले. मनातून बरं वाटलं, आणि आता सारांना काय सांगायचं ही काळजीही लागली.

सारांनी आई-बापांना पोरीसह कार्यालयात बोलावलं. सार वाईट माणूस नव्हते. 'घरीच शिकवतो' म्हणणारे आई-बाप त्यांनी खूप पाहिले होते, आणि त्या मुलांच्या हातांवरचे घट्टेही पाहिले होते. त्यांनी रेवतीला जवळ बोलावून तेलुगूत मायेने विचारलं, "चेप्पु तल्ली, नी पेरेमिटी?" सांग गं बाई, तुझं नाव काय?

रेवतीने आईचा पदर मुठीत धरला. ओठ हलले, आवाज आला नाही. मग त्यांनी हिंदीत विचारलं. मी मराठीत विचारलं. सारांनी पुस्तक पुढे केलं, तिने मान खाली घातली. शिपाई दारातून डोकावून गेला.

"ही काहीच शिकलेली नाही," सार मला म्हणाले. "मुलींच्या निवासी शाळेत जागा आहे. तिथे राहील, शिकेल. आई-बापांना समजावून सांगा."

मी समजावायच्या आधीच वैशालीला समजलं होतं. ती उभी राहिली. "सार, तिथं ती मरून जाईन," एवढंच ती म्हणाली. ओरडली नाही, रडली नाही.

मला तोवर वरिष्ठांपुढे उलट बोलायची सवय नव्हती. पण त्या दिवशी बोलले. "सार, कायद्यात हक्क कुणाचा आहे? आपला नाही, आई-बापांचाही नाही. पोरीचा आहे."

"मग पोरीलाच विचारा," सार म्हणाले. "विचारतोच तर आहे मी."

ते खरंच होतं. शेवटी मी म्हटलं, "सार, एकदा शेतात या. सकाळी. तिला कळू न देता."

ते येतील असं मला वाटलं नव्हतं. पण आले. पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून, दवाने ओल्या झालेल्या ज्वारीत माझ्यामागून आले. त्या दिवशीही धुकं होतं, पण पातळ, वरून ऊन गाळून देणारं. कणसं दुधाळ दिसत होती. मचाणावरची मुलगी आम्हाला दिसत नव्हती आणि आम्ही तिला.

ती तेलुगूचा धडा वाचत होती. तेलुगू अक्षरं वैशालीने बसच्या पाट्यांवरून, दुकानांच्या फलकांवरून आणि शेजारच्या तेलुगू बाईला विचारून विचारून आधी स्वतः गिरवली होती आणि मग पोरीला शिकवली होती. त्यामुळे रेवतीच्या तेलुगूला आमच्या बोलीचा हेल होता. धडा पावसाचा होता. ती एकेक शब्द शिवारावर फेकत होती, पाखरं उठत होती, बसत होती. सार कान देऊन ऐकत होते. तोंडावर हसू होतं की काय, मला नीट सांगता येणार नाही.

मग ती एका शब्दावर अडखळली. तेलुगूतला 'घ' फारसा भेटत नाही आणि दिसतो 'य'सारखा. "मेयालु," तिने वाचलं.

"मेघालु," सार बोलून गेले.

त्यांनी ठरवून म्हटलं नव्हतं. मास्तरकी अशीच तोंडातून निसटते. दोघेही दचकलो. ज्वारी एकदम गप्प झाली. मी डोळे मिटून घेतले. वाटलं, संपलं सगळं.

मग मचाणावरून हळूच आलं, "मेघालु."

सारांनी पुढचा शब्द म्हटला. तिने तो म्हटला. त्यांनी एक वाक्य म्हटलं, तिने सगळं वाक्य म्हटलं, आता मोठ्याने. ज्वारीच्या आडून एक माणूस सांगत होता आणि वरून एक मुलगी म्हणत होती, ढग, वीज, ओढा, पाऊस. एकमेकांना न बघता त्यांनी तो धडा पूर्ण केला. ती सकाळ आठवली की आजही मला ऊन आधी आठवतं. ते सगळं कोवळं पिवळं, दाण्यांतून झिरपत आलेलं.

बांधावर येऊन सार पायातली कुसळं काढत बसले. बराच वेळ काढत होते. मग वैशालीला हिंदीत म्हणाले, "परवानगी मी देऊ शकत नाही. असा परवानाच कायद्यात नाही. मना करायचं कलमही मला सापडत नाही." तक्रारीवर त्यांनी शेरा लिहिला, की मुलगी राबत नाही, शिकते आहे, अधूनमधून भेट देऊन बघावं, मुलीला स्वतःला वाटेल त्या दिवशी वयाप्रमाणे प्रवेश द्यावा.

भेट देणं माझ्याकडे आलं. माझ्या नोकरीतले ते दिवस मला सर्वांत प्रिय. उन्हाळ्यात मोहाच्या झाडाखाली शाळा भरायची, टपटप पडणाऱ्या फुलांवर बेरीज चालायची. पावसाळ्यात ओसरीवर. दिगांबर बाजारातून आला की हिंदीचा तास. हळूहळू रेवती माझ्याशी बोलू लागली, मग दुकानात, मग पाहुण्यांशी. मी तिला नदीचा नकाशा काढायला शिकवला, तर तिने त्यात आपल्या शेतातला पाणी वाहायचा दांडही दाखवला.

एक गोष्ट मात्र खटकायची. ती सागरगोटे खेळायची, आणि दोघींचे डाव एकटीच खेळायची. एका डावात हरली की रुसायची, दुसऱ्यात जिंकली म्हणून चिडवायची. मी वैशालीला ते दाखवलं. ती बघत राहिली.

रेवती तेराची झाली तेव्हा, उन्हाळा सरता सरता, तिनेच विषय काढला. मी होते तिथे.

"मले शाळेत जायचं."

वैशालीच्या हातातलं काम थांबलं. "काऊन? मी काय कमी केलं?"

"तू काई कमी नाई केलं. पण माह्या शाळेत भांडाले कोणीच नाई."

वैशाली आत निघून गेली. थोड्या वेळाने बाहेर आली ती तोंड धुऊन, पोरीची वेणी घालायला बसली. वेणी घालता घालता म्हणाली, "म्याडम, कोन्या वर्गात घेतीन हिले?"

आठवीत घेतलं. जुना दाखला मागायला हेडमास्तरांनी तोंड उघडलं, पण माझ्याकडे बघून मिटलं. पटावर नाव खरं लागलं. पहिल्या दिवशी आम्ही दोघी फाटकापर्यंत गेलो. रेवती दोन पावलं थांबली, मग आत गेली. दुसऱ्या मुलींत तिची वेणी ओळखू येईनाशी झाली, तरी वैशाली तिथेच उभी. मलाच तिला चला म्हणावं लागलं.

वाटेत ती रस्त्याकडे बघतच म्हणाली, "म्याडम, मी आठवीत होती तवा लग्न ठरलं. रेवतीले शिकवाचं सगळं मी तिच्या आधी राती वाचून घेत होती. आठवी-नववीचं बी थोडं वाचून ठेवलं होतं, लागन म्हणून. आता त्याचं काय करू?"

"दहावीला बसा."

"ह्या वयात?"

"ओपन स्कूलला खालचं वय ठरलेलं आहे, वरचं नाही. आणि मराठीत पेपर देता येतो."

तिने पदर डोक्यावर घेतला, पुन्हा सोडला. मी तिचा फॉर्म भरून दिला. नोकरीत असताना भरलेला तो माझा शेवटचा फॉर्म.

पहिल्या खेपेला तिचं गणित आणि विज्ञान राहिलं. पुढल्या खेपेला गणित सुटलं, विज्ञानाला मात्र घाबरून ती बसलीच नाही. तिसऱ्या खेपेला विज्ञानाच्या पेपराला मीही आदिलाबादला गेले होते, निवृत्त माणसाला दुसरं काम काय. रेवती डबा घेऊन फाटकाबाहेर उभी होती, आता आईच्या खांद्याला लागलेली. पेपर सुटला. पोरासोरांच्या गर्दीतून वैशाली बाहेर आली, बोटांना शाई, चेहरा लाल.

निंबाच्या सावलीत दोघी प्रश्नपत्रिका उघडून बसल्या. रेवती एकेक प्रश्न विचारायची, वैशाली आपण लिहिलेलं उत्तर सांगायची.

"वटवाघूळ?"

"पक्षी."

रेवतीने मान हलवली. "सस्तन प्राणी हाय तो."

"मीच तं तुले पक्षी शिकवला होता."

"हो. अन् वर्गात मी तेच सांगतलं. सगळी शाळा हासली."

वैशालीचा चेहरा उतरला. "मंग तू काय केलं?"

"भांडली," रेवती म्हणाली. "लय भांडली. म्हटलं माह्या आईनं सांगतलं. मंग वर्गातल्या म्याडमनं पुस्तक उघडून दाखवलं, तवा मानलं."

आधी रेवती हसली, मग वैशाली, आणि मग दोघींना थांबताच येईना. फाटकावरचा माणूस वळून बघू लागला. माझी बस आली आणि गेली. मी पुढच्या बसने गेले.